अवघड जागेचे दुखणे

अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती ऐकली की सभेत हशा पिकतो. परंतु त्या म्हणीतल्या रोग्याची स्थिती क्षणभर ध्यानात आणावी. दुखणे आहे, वैद्य घरातच आहे, त्याच्यापाशी विद्या आहे, बटव्यात औषधही आहे. तरी रोगी बरा होत नाही, कारण त्याला बोलता येत नाही. मूळव्याधीच्या उपचाराचा इतिहास जसजसा आम्ही वाचत गेलो, तसतसे आमचे मत असे होत गेले की, या रोगाच्या दोन-अडीच हजार वर्षांच्या कहाणीचे सार या एका म्हणीत आलेले आहे.

या व्याख्यानमालेसाठी आम्ही हा विषय सुचवला तेव्हा चालक मंडळी थोडी संकोचली. ‘तुम्ही कामगार चळवळीतले, त्यावरच बोला,’ असे ती म्हणाली. आम्ही उत्तर दिले की हाही कामगारांचाच विषय आहे. आम्ही वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. शाळा सातवीनंतर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. म्हणून येथे कोणी आमच्याकडे औषध मागू नये. आमचा अधिकार एवढाच की, नांदेडच्या मोंढ्यात आणि लातूरच्या आडत बाजारात, हमाल, गिरणी कामगार, डाळ निवडणाऱ्या बाया आणि एस. टी.चे चालक यांच्यात आमची तीस वर्षे गेली, आणि हा रोग आम्ही फार जवळून पाहिला.

त्यातले एक उदाहरण सांगतो, कारण या वाचनाला आम्ही लागलो ते त्यामुळेच. आमचा एक सोबती हमाल होता. पोते पाठीवर घेताना तो मध्येच थांबू लागला. विचारले तर म्हणे, पाठ धरते. दीड वर्ष तो पाठच सांगत राहिला. बायकोलाही त्याने दुसरे काही सांगितले नव्हते. रक्त जाते हे त्याला ठाऊक होते, पण ते मूळव्याधीचे आणि मूळव्याध ही काही कोणाला सांगण्याची गोष्ट नव्हे, असा त्याचा समज. आधी एका दवाखान्यात त्याला न तपासताच गोळ्या लिहून दिल्या गेल्या. मग भिंतीवरची ‘खात्रीशीर, मुळासकट’ ही जाहिरात वाचून तो एका खोलीत गेला. तेथे इंजेक्शने झाली, उसनवारीही झाली. अखेर आम्ही त्याला मोठ्या रुग्णालयात नेले, तेव्हा तेथल्या तरुण डॉक्टरने हातमोजा चढवला, बोटाने तपासले आणि काही वेळ तो गप्प राहिला. ती मूळव्याध नव्हती, कर्करोग होता. ज्या तपासणीस दोन मिनिटे लागली ती दीड वर्षात कोणीच केली नव्हती. सोबती गेला. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला: ही विद्या जगात इतकी जुनी असताना ती या माणसापर्यंत का पोहोचली नाही?

राजाचे रक्त आणि राण्यांचे हसू

लाज ही गरिबाचीच मिरासदारी आहे असे मात्र कोणी समजू नये. पाली विनयपिटकाच्या महावग्गात मगधाचा राजा बिंबिसार याची एक गोष्ट आहे. राजाला भगंदराचा विकार होता आणि वस्त्रांना रक्त लागे. ते पाहून राण्या हसू लागल्या की महाराज ऋतुमती झाले, आता लवकरच बाळंत होतील! राजा शरमला. त्याने ही गोष्ट अभय राजपुत्राला सांगितली आणि अभयाने तरुण वैद्य जीवक याला धाडले. जीवकाने नखात औषध घेतले, राजाला तपासले आणि एका लेपाने रोग बरा केला, असे तो ग्रंथ सांगतो. एका लेपाचा चमत्कार ज्याने त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे मानावा. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. मगधाच्या सम्राटालाही प्रथम हसू सोसावे लागले, आणि उपचार सुरू झाला तो त्याने तोंड उघडल्यावर.

त्याच महावग्गात आणखी एक प्रसंग आहे. राजगृहात आकाशगोत्त नावाच्या शस्त्रवैद्याने एका भिक्षूचे भगंदर चिरले आणि बुद्ध तेथे आले तेव्हा त्या भिक्षूच्या देहाची थट्टा केली. त्यावर त्या जागी शस्त्र चालवू नये असा नियम बुद्धांनी घालून दिला. कारणेही दिली आहेत: तेथली कातडी कोवळी असते, जखम भरणे कठीण जाते, शस्त्र चालवणे अवघड पडते. आजच्या शल्यविशारदालाही ही तिन्ही कारणे अमान्य करता येणार नाहीत.

चार उपाय

आता ग्रंथांकडे वळू. सुश्रुताने ज्या आठ रोगांना महारोग म्हटले त्यांत अर्श म्हणजे मूळव्याध आहे, आणि भगंदरही आहे. अर्शावर त्याने चार उपाय सांगितले: औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. हे चारही प्रत्येकाला नव्हेत. रोग नवा व थोडा असेल तर औषध. मोड मऊ, पसरट व खोल असतील तर क्षार. खरखरीत, घट्ट व जाड असतील तर डाग. आणि देठ बारीक, मोड उंच व ओलसर असेल तर शस्त्र. तपासणीसाठी त्याने एक यंत्र वर्णिले आहे. ते गाईच्या सडाच्या आकाराचे, चार बोटे लांब, धातूचे, हस्तिदंताचे, शिंगाचे किंवा लाकडाचे असावे. पाहण्यासाठी दोन छिद्रांचे आणि काम करण्यासाठी एका छिद्राचे घ्यावे. पुरुषासाठी घेर पाच बोटे, स्त्रीसाठी सहा. क्षार लावल्यावर शंभर मोजेपर्यंत थांबावे, मग आंबट कांजीने धुवावे, आणि एका वेळी एकच मोड घेऊन सात-सात दिवसांनी पुढचा घ्यावा.

हे तपशील आम्ही मुद्दाम दिले. हे घरात बसून मंत्र जुळवणाऱ्याचे लिखाण नव्हे. हे हाताने काम केलेल्या माणसाचे लिखाण आहे. क्षाराची धग आंबटाने मारावी, हे आज शाळेतले मूल प्रयोगशाळेत शिकते. एका वेळी एकच मोड घ्यावा, ही सावधगिरी ज्याने चुका पाहिल्या आहेत त्यालाच सुचते.

चरकाचा कल निराळा. कोणी शस्त्र सांगतात, कोणी क्षार, कोणी अग्नी. पण या कामात हात चुकला तर सूज, मूत्रावरोध, रक्तस्राव, क्वचित मरणही ओढवते, असे बजावून तो औषध व पथ्याकडे वळतो. अर्शाचे कोरडे आणि वाहते असे दोन भाग तो करतो. वाहत्यासाठी तो कुड्याची साल सांगतो, आणि ताक तर त्याच्या मते सर्वांत थोर. सुरणाला आपल्याकडे ‘अर्शोघ्न’ असे नावच पडले. रोगाची कारणे सांगताना चरकाने जी यादी दिली ती वाचून आम्ही पुस्तक क्षणभर मिटले. कठीण व वेड्यावाकड्या आसनावर बसणे, हिसके देणाऱ्या वाहनावर किंवा उंटावर बसणे, मलाचा वेग अडवून धरणे, स्त्रियांच्या बाबतीत गर्भाचा भार! उंटाच्या जागी एस. टी.ची गाडी घातली की आमच्या चालकांच्या तक्रारीचा अर्ज तयार होतो. आणि वेग अडवून धरणे म्हणजे काय, हे ज्या डाळमिलमध्ये बायांसाठी शौचालय नाही तेथल्या बाईला विचारावे.

दोरा सगळीकडे एकच

आता इतर देश काय करीत होते ते पाहू. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस याच्या नावावर मूळव्याधीवरचा एक लहान ग्रंथ आहे. त्यात तापल्या लोखंडाने डाग देण्याची रीत सांगितली आहे. त्याच परंपरेतल्या भगंदरावरच्या ग्रंथात घोड्याच्या केसात गुंफलेला सुताचा दोरा व्रणातून ओवून बांधावा आणि सैल पडेल तसा आवळत जावा, असे लिहिले आहे. चीनमध्ये मावांगदुई येथे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेली एक कबर १९७३ साली उकरली गेली. तीत रेशमावर लिहिलेला बावन्न रोगांचा ग्रंथ निघाला. त्यातही या जागेच्या रोगांवर शस्त्रक्रिया आहे: बांबूच्या नळीवर कुत्र्याचे मूत्राशय चढवून आत घालावे, फुंकून फुगवावे, अलगद बाहेर ओढावे आणि रोगट भाग कापावा. पुढे मिंग राजवटीत चिनी वैद्यही भगंदरात दोरा ओवू लागले. आणि आपल्याकडे अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने निवडुंगाचा चीक व हळद माखलेला दोरा अर्श व भगंदर या दोहोंसाठी सांगितला.

ग्रीस, भारत, चीन. हे वैद्य एकमेकांना भेटले नव्हते. पण शरीर एक, रोग एक, आणि हाताला सुचणारी युक्तीही एकच. अरबी वैद्यकाने तर बऱ्याच गोष्टी एकत्र आणल्या. बाराव्या शतकात कैरोत मैमोनिदीस या ज्यू वैद्याने मूळव्याधीवर अरबीत स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तिचा सगळा भर आहारावर आहे. शस्त्राला तो अगदी शेवटी हात घालू देतो. हाच युनानी प्रवाह दक्षिणेत आपल्या मराठवाड्यात आला. आजही आपल्याकडे म्हातारी माणसे मूळव्याधीला ‘बवासीर’ म्हणतात. तो शब्द हकिमाचा. हकिमाची ‘हब्बे मुकील’ ही गोळी म्हणजे गुग्गुळ, आणि गुग्गुळ वैद्याचाही. इसबगोलाचे नाव फारसी. ते हकिमाने दिले, वैद्याने घेतले आणि आता विलायती डॉक्टरही रोज लिहून देतो. पाश्चात्य विरुद्ध पौर्वात्य असा जो आखाडा लोक आखतात, त्याच्या मधोमध हे इसबगोलाचे भुसकट निवांत बसलेले आहे.

हात कोणी टाकला

मग एक प्रश्न उभा राहतो. सुश्रुताचे यंत्र, क्षार आणि दोरा आपल्यापाशी होते, तर ते गेले कोठे? परकीय राज्यावर खापर फोडून मोकळे होणे सोपे आहे. पण ते आम्हाला पटत नाही. आमच्या मते कारण घरातच होते. ज्या समाजात रक्त, पू आणि मळ यांना हात लावणारा माणूस हलका ठरला, तेथे विद्वान वैद्याने पोथी व बटवा तेवढा आपल्याकडे ठेवला आणि कापण्याचे, रक्त काढण्याचे, डाग देण्याचे काम न्हाव्याकडे, वैदूकडे जाऊ दिले. ज्याच्यापाशी ग्रंथ त्याच्यापाशी हात नाही, आणि ज्याच्यापाशी हात त्याला ग्रंथ वाचण्याची मुभा नाही. अशाने कोणतीही विद्या जगत नाही. वैदूची तुंबडी आणि पंडिताची संहिता एकाच गावात शेकडो वर्षे नांदली आणि त्यांची गाठ पडली नाही.

युरोपातही हेच झाले होते. तेथेही वैद्य विद्यापीठातला आणि शस्त्र चालवणारा न्हाव्यांच्या श्रेणीतला. लंडनमध्ये न्हावी व शस्त्रवैद्य १५४० पासून एकाच पंचायतीत होते. ते वेगळे झाले १७४५ साली. फरक पडला तो यानंतर. त्यांचा हात पोथीपर्यंत पोहोचला, रुग्णालयात शिरला, आणि मेलेल्या शरीराची चिरफाड करून शिकू लागला. आपला हात मात्र गावकुसापाशीच राहिला.

तरीही ही जागा तेथेही अवघडच होती. १८३५ साली फ्रेडरिक सॅमन या शस्त्रवैद्याने लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावर अवघ्या सात खाटांचे एक रुग्णालय काढले. ते गरिबांसाठी होते आणि केवळ भगंदर व गुदाच्या इतर रोगांसाठी होते. या एका रोगासाठी वेगळे घर बांधावे, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. पुढे १८५४ मध्ये ते मोठ्या जागेत गेले आणि सेंट मार्क या नावाने जगप्रसिद्ध झाले. १८४१ साली याच सॅमनने कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्यावर भगंदराची शस्त्रक्रिया केली. तेव्हा भूल देण्याची विद्या निघालीही नव्हती. आज जगभर शिकवली जाणारी मूळव्याधीची शस्त्रक्रिया मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केली, तीही याच रुग्णालयातून. गरिबांच्या त्या सात खाटा नसत्या तर श्रीमंतांनाही ही शस्त्रक्रिया लाभली नसती, असे आम्ही म्हटले तर ते कामगार पुढाऱ्याचे भाषण समजू नये; तो इतिहास आहे.

भिंतीवरची जाहिरात

आता पाश्चात्य वैद्यकाची दुसरी बाजू पाहू. रस्त्यावरच्या खोलीत बसून इंजेक्शन टोचणारा भोंदू हा आपल्याच मातीचा, असा सुशिक्षितांचा समज असतो. त्याची वंशावळ मात्र अमेरिकेत निघते. १८७१ साली इलिनॉय प्रांतातल्या मिचेल नावाच्या माणसाने मूळव्याधीत कार्बोलिक आम्लाचे इंजेक्शन देण्यास सुरुवात केली. ही युक्ती गुपित म्हणून विकली गेली आणि गावोगाव फिरणारे ‘मूळव्याध-डॉक्टर’ निपजले. पुढे शिकागोचे शस्त्रवैद्य एडमंड अँड्र्यूज यांनी अशा ३,३०० हून अधिक रोग्यांची माहिती जमवून १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात मृत्यूही निघाले. पण अँड्र्यूजने केवळ शिव्या दिल्या नाहीत. त्याने गुपित उघडे केले, मोजले, तपासले. पुढे सौम्य द्रव्ये व नेमके प्रमाण ठरले आणि तेच इंजेक्शन प्रतिष्ठित रुग्णालयात आले. चीनमध्येही असेच घडले. मोड सुकवण्यासाठी जुने चिनी वैद्य सोमलयुक्त औषधे वापरीत आणि त्यांनी विषबाधा होई. १९७० नंतरच्या दशकात तेथे तुरटी व टॅनिक आम्ल यांचे इंजेक्शन तयार झाले, आणि पुढे जपाननेही ते स्वीकारले. गुपित उघडे झाले म्हणजे विद्या होते, आणि विद्या झाकली म्हणजे भोंदूगिरी होते. मग ती इलिनॉयची असो वा आपल्या बसस्थानकासमोरची असो.

मराठवाड्यात भोंदूला रान मोकळे का मिळाले, यालाही इतिहास आहे. मुंबई इलाख्यात वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा १९३८ साली झाला. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. हैदराबादेत १८४६ पासून वैद्यक शाळा होती आणि शिक्षण उर्दूतून दिले जाई. १८८८-८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या भुलीवर जगाने दखल घ्यावी असे प्रयोग तेथेच निजामाच्या पैशाने झाले. चारमिनारजवळ युनानीचा मोठा दवाखाना उभा राहिला. हे सगळे राजधानीत. मोंढ्यातला हमाल आणि उस्मानशाही मिलचा कामगार यांच्या वाट्याला काय आले? तुंबडी, बिब्बा आणि देवऋषी! १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये महाराष्ट्राचा वैद्यक व्यवसायी कायदा झाला. त्यात नोंदणीवाचून व्यवसाय करणे गुन्हा ठरले. मोठी रुग्णालये मात्र सावकाश आली. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय १९७० नंतरच्या दशकातले, नांदेडचे १९८८ चे, लातूरचे २००२ चे. मधली पोकळी भिंतीवरच्या जाहिरातींनी भरून काढली. ज्या रोगांबाबत औषधाने बरे करण्याचा दावा करू नये अशी एक यादी औषधविषयक नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात आहे, आणि तीत मूळव्याध व भगंदर यांची नावे आहेत. ती यादी भिंत रंगवणाऱ्याने वाचलेली नसते.

सगळ्यांचे एकमत कोठे होते

यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण आम्हाला ते आशेचे वाटते. १९६० नंतर बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. प्र. ज. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षारसूत्र पुन्हा हाती घेतले. दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे अकरा थर, मग चीक व आघाड्याच्या क्षाराचे सात, मग चीक व हळदीचे तीन, अशी एकवीस पुटे ठरली. ज्या निवडुंगाला आपण बांधावर लाथ मारतो आणि जो आघाडा वर्षातून एकदा पूजेला आणतो, त्यांचा हा दोरा. पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत क्षारसूत्र व शस्त्रक्रिया यांची तुलना केली. तिचा निष्कर्ष १९९१ मध्ये आला. भगंदर बरे होण्यास दोऱ्याने सुमारे आठ आठवडे लागले आणि शस्त्राने चार. परंतु रोग उलटण्याचे प्रमाण दोऱ्यात शेकडा ४ आणि शस्त्रक्रियेत शेकडा ११ होते. हा निकाल भगंदराचा आहे. तो मूळव्याधीला जसाच्या तसा लावू नये. पण जुन्या विद्येची परीक्षा कशी घ्यावी, याचा हा धडा आहे. पुराण सांगून नव्हे, हेटाळणी करूनही नव्हे; दोन्ही उपाय शेजारी ठेवून आणि मोजून.

तिकडे १९६३ मध्ये अमेरिकेत बॅरन यांनी मोडाच्या बुडाशी रबराचा लहानसा वेढा चढवण्याची सोपी रीत रूढ केली. मोडाचा गळा आवळावा आणि तो आपोआप गळू द्यावा, ही कल्पना चक्रपाणिदत्ताला परकी वाटली नसती. आणि १९७५ मध्ये टॉमसन या इंग्रज शस्त्रवैद्याने दाखवून दिले की, ज्यांना मोड म्हणतात त्या मुळात सर्वांच्याच शरीरात असणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या होत. त्या खाली घसरल्या, सुजल्या म्हणजे त्रास होतो. तेव्हा ‘मुळासकट उपटून काढू’ ही जाहिरात शास्त्राच्या दृष्टीनेही खोटी आहे. उपटून काढण्याजोगे वेगळे मूळच तेथे नाही. बहुतेक रोग्यांना कोंडा, भाजीपाला, पुरेसे पाणी, कुंथणे टाळणे आणि गरजेप्रमाणे इसबगोल एवढ्यानेच आराम पडतो. काहींना वेढा लागतो. थोड्यांनाच शस्त्रक्रिया लागते. औषध आणि पथ्य आधी, शस्त्र शेवटी. चरकाचाही क्रम तोच होता, मैमोनिदीसाचाही तोच.

पण पथ्य सांगणे सोपे असते. आमच्या लोकांनी ज्वारीची भाकरी सोडून बसस्थानकावरचा पाव व चहा धरला, तो हौसेने नव्हे. पाणी भरपूर प्या, हे लातूरला कोणी सांगावे? एप्रिल २०१६ मध्ये त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. क्विंटलभराचे पोते पन्नास किलोवर यावे म्हणून हमालांच्या संघटना किती वर्षे भांडल्या! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच एका माणसाने उचलण्याच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली होती. पुण्यात हमाल पंचायत उभी करणारे डॉ. बाबा आढाव हे स्वतः आयुर्वेदाचे वैद्य होते, हे येथे आठवते. रोग्याची नाडी पाहता पाहता त्यांना त्याच्या पाठीवरचे ओझे दिसले असावे. ओझ्यामुळेच मूळव्याध होते असे शास्त्राने निर्विवाद ठरवलेले नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्याला ती आहे त्याने कळ दाबून ओझे उचलावे, असे तर कोणतेच शास्त्र सांगत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या शल्य शाखेच्या पदव्युत्तर वैद्यांना ठरावीक शस्त्रक्रिया शिकण्या-करण्याची अधिसूचना निघाली. शल्यशास्त्राच्या ३९ शस्त्रक्रिया त्यात होत्या आणि मूळव्याधीचीही होती. त्याविरुद्ध ११ डिसेंबरला डॉक्टरांच्या संघटनेने संप केला. संप हे आमचेच हत्यार, तेव्हा त्याबद्दल आम्ही कुरकुर करणार नाही. रोग्याचा जीव धोक्यात येऊ नये ही डॉक्टरांची चिंता खोटी नव्हती, आणि आमच्या ग्रंथात हे आधीपासून आहे हा वैद्यांचा दावाही खोटा नव्हता. पण त्या सगळ्या गदारोळात कोणी आमच्या सोबत्याविषयी बोलले नाही. शस्त्र कोणाच्या हाती असावे यावर दोन्ही बाजू भांडल्या. तपासणीचे बोट कोणी पुढे करावे यावर कोणी भांडले नाही.

आमचे मागणे त्यामानाने लहान आहे. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दोन्हीकडे शिकलेली मुले आहेत. त्यांनी मोंढ्यात यावे. रक्त जाते असे सांगणाऱ्याला न तपासता चूर्ण देऊ नये आणि न तपासता गोळीही देऊ नये. रोग्याला एक पडदा द्यावा, बाईसाठी बाई डॉक्टर द्यावी. आणि कोणी हसू नये. आम्हीही आमच्या कचेरीत एक गोष्ट सुरू केली आहे. पगार, हजेरी आणि अपघात यांच्या तक्रारींबरोबर आता हीही तक्रार मोठ्याने विचारली जाते. पहिल्या सभेत लोक खाली मान घालून हसले. दुसऱ्या सभेत एका म्हाताऱ्या हमालाने हात वर केला. सभा संपल्यावर सातजण थांबले होते. त्या सगळ्यांना घेऊन आम्ही रुग्णालयात गेलो. सहांना साधी मूळव्याध निघाली आणि पथ्यावर भागले. सातव्याची पुढची तपासणी वेळेत झाली. तो आज कामावर आहे.